सोड्याची गोळी चालू असताना पोटॅशियमवर नजर कशी ठेवायची

आमचं मेडिकल डायलिसिस सेंटरच्या समोर, त्यामुळे सोडाबायकार्बच्या गोळ्या आमच्याकडे तापाच्या गोळ्यांसारख्या खपतात. काउंटरवरचे प्रश्नही ठरलेले. ‘ताई, हा भज्यातलाच सोडा ना?’ हो, तोच. ‘मग घरचाच चमचाभर घेतला तर?’ नको. ‘पोटॅशियम वाढलंय म्हणून दिलीय का?’ या तिसऱ्या प्रश्नाला मात्र हो-नाहीत उत्तर देता येत नाही, आणि मागे गिऱ्हाईक ताटकळत असतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. किडनीच्या पेशंटची औषधं ज्यांच्या हातात असतात, म्हणजे बहुतेक घरांत सून, मुलगी नाहीतर बायको, त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट पक्की करा. ही गोळी दिलेली असते रक्तातलं आम्ल कमी करायला. किडनीचं काम मंदावलं की रोज तयार होणारं आम्ल पुरतं बाहेर पडत नाही, साचत जातं. सोडा ते मारतो. पोटॅशियम त्याच्या जोडीने उतरतं. कुणाला ते उतरलेलं हवंच असतं, कुणाच्या ते जिवावर बेततं. आपला पेशंट यांतला कुठला, एवढं घरच्यांना कळलं तरी पुष्कळ झालं. डोस मात्र डॉक्टरच ठरवणार. तो मी बदलत नाही, तुम्हीही बदलू नका.

उतरतं म्हणजे जातं कुठे

शरीरातलं जवळपास ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, त्यातही जास्त स्नायूंमध्ये. पेशींबाहेर राहतं ते जेमतेम दोन टक्के, आणि रिपोर्टातला आकडा त्याचा असतो. तो साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावा लागतो. एवढ्याशा पट्टीत हृदयाची लय सांभाळली जाते. आकडा साडेसहावर गेला तरी धोका, अडीचवर आला तरी धोका.

रक्तात आम्ल वाढलं की ते पेशींत शिरतं आणि पेशीतलं पोटॅशियम रक्तात येतं. सोडा दिला की उलटं चक्र सुरू होतं: आम्ल बाहेर, पोटॅशियम आत. पाहुणे येणार म्हणून पसारा कपाटात कोंबावा तसं हे. खोली आवरलेली दिसते, पण पसारा घरातच असतो.

खरोखर बाहेर टाकायचं काम लघवीचं. सोड्यातलं सोडियम आणि बायकार्बोनेट (सोड्यातला आम्ल मारणारा भाग) किडनीतल्या बारीक नळ्यांच्या शेवटच्या टप्प्यात जास्त प्रमाणात पोचलं, की तिथे सोडियम परत शोषून घेताना पोटॅशियम लघवीत सोडलं जातं. म्हणजे ज्याला बऱ्यापैकी लघवी होते, त्याचं पोटॅशियम सोड्याने हळूहळू खरंच शरीराबाहेर जातं. ज्याची लघवी बंद झालीय, त्याच्यासाठी ही वाटच बंद.

म्हणूनच ‘पोटॅशियम वाढलं की सोडा’ हे गणित सगळ्यांना लागू पडत नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डायलिसिसच्या पेशंटना शिरेतून सोडा देऊन पाहिला, तर तासाभरात पोटॅशियम हललं नाही. त्याच पेशंटना ग्लुकोजबरोबर इन्शुलिन दिल्यावर ते उतरलं. पूर्वी शिकवायचे की पीएच (रक्तातल्या आम्लाचं माप, आम्ल घटलं की ते चढतं) ०.१ ने चढला की पोटॅशियम ०.६ ने खाली येतं. तो ठोकताळाही सैल निघाला. जुलाबाने किंवा किडनीच्या आजाराने झालेल्या आम्लात ही अदलाबदल बऱ्यापैकी चालते. मधुमेहातल्या कीटोनच्या किंवा लॅक्टिक आम्लात ती फारशी होत नाही. तिथे पोटॅशियम वाढायची कारणंच वेगळी असतात.

दोन आकडे शेजारी शेजारी

आता पेशंटची फाइल काढा. पोटॅशियम आणि बायकार्बोनेट हे दोन आकडे एकाच तारखेचे हवेत. इथेच पहिली अडचण येते: आपल्याकडे ‘इलेक्ट्रोलाइट्स’ सांगितलं की पुष्कळ लॅबवाले सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड देऊन मोकळे होतात. बायकार्बोनेट वेगळं मागावं लागतं, आणि काही रिपोर्टांत ते ‘टोटल सीओटू’ या नावाखाली असतं. मला तर वाटतं, सोड्याची गोळी ज्याला चालू आहे त्याचा बायकार्बोनेटशिवायचा रिपोर्ट म्हणजे अर्धाच रिपोर्ट. तपासणीला जाताना चिठ्ठीवर ते लिहिलंय का, एवढं बघा.

बायकार्बोनेट साधारण २२ ते २८ असावं. किडनीच्या आजारासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २०१२ साली ‘२२ च्या खाली गेलं की गोळी द्या’ असा सूर होता. २०२४ च्या नव्या सूचनांत भर आहे तो १८ च्या खाली जाऊ न देण्यावर. म्हणून एका डॉक्टरांनी २० ला गोळी सुरू केली आणि दुसरे ‘थांबू या’ म्हणाले, तर कुणी एक चुकलंच असं समजू नका.

बायकार्बोनेट कमी आणि पोटॅशियम जास्त, ही किडनीच्या पेशंटची नेहमीची जोडी. इथे सोडा दोन्हीकडे कामाला येतो. आम्ल उतरतं, आणि लघवी होत असेल तर पोटॅशियमही काही दिवसांत थोडं खाली सरकतं. आज गोळी घेतली आणि उद्या ५.८ चं ४.५ झालं, असं होत नाही.

बायकार्बोनेट ठीक, पोटॅशियम मात्र जास्त असेल तर सोड्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मग आहार तपासा, बाकीच्या गोळ्या तपासा, आणि रक्त कसं काढलं तेही आठवा. दंडाला पट्टा फार वेळ करकचून बांधला, मूठ पुन्हा पुन्हा आवळायला लावली, किंवा नमुना लॅबपर्यंत जाईस्तोवर त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या, तर पेशींतलं पोटॅशियम बाटलीतच बाहेर येतं आणि आकडा खोटा वर जातो. रिपोर्टाखाली ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा दिसला तर तसं डॉक्टरांना कळवा. पुन्हा रक्त द्यायचं का ते तेच सांगतील. पण आकडा सहाच्या वर असेल तर ‘नमुनाच खराब असेल’ म्हणून घरी बसू नका. आधी ईसीजी.

माझ्या मते सगळ्यात फसवी जोडी म्हणजे बायकार्बोनेटही कमी आणि पोटॅशियमही कमी. भरपूर जुलाब झालेत, किंवा किडनीच्या नळ्यांचा तो आजार आहे ज्यात लघवीवाटे आम्ल बाहेर टाकता येत नाही आणि पोटॅशियम मात्र वाहून जातं, अशांची ही गोष्ट. आम्ल असल्याने पोटॅशियम पेशींतून बाहेर आलेलं असतं, तरीही आकडा ३ च्या खाली. म्हणजे कपाटही रिकामं आणि खोलीही रिकामी! अशात आधी सोडा दिला तर रक्तात उरलंसुरलं पोटॅशियमही पेशींत जातं, आकडा आणखी कोसळतो, हातपाय लुळे पडू शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा: आधी पोटॅशियम भरून काढायचं, मग सोडा. चिठ्ठीवर सोड्याची गोळी आणि पोटॅशियम क्लोराइडचं सिरप दोन्ही दिसलं की लोक म्हणतात, ‘एक वाढवतं, एक कमी करतं, मग दोन्ही कशाला?’ त्याचं कारण हेच. त्यातलं सिरप चवीला वाईट लागतं म्हणून परस्पर बंद करू नका.

आणि उलट्या होऊन होऊन किंवा लघवीच्या गोळ्यांमुळे बायकार्बोनेट चढलं असेल, पोटॅशियम उतरलं असेल, तर सोडा बिलकूल नको.

चिठ्ठीवरच्या बाकीच्या गोळ्या

सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर पसरा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम वर नेणारी. गुडघेदुखीसाठी शेजारणीने दिलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन हीदेखील वर नेणारी, शिवाय किडनीला त्रास देणारी, आणि नेमकी तीच कधी चिठ्ठीवर नसते! फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, क्लोरथॅलिडोन ही पोटॅशियम खाली आणणारी. त्यांच्या जोडीला सोडा आला की खाली ओढणारे दोन झाले. पेशंटला हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून आठवण करा, कारण पोटॅशियम उतरलं की नेहमीच्या डोसलाही डिगॉक्सिन विषासारखं वागू शकतं.

आता सिरपचं. उन्हाळा लागला की रोज कुणीतरी येतं: ‘लघवीला जळजळ होतेय, ते गुलाबी सिरप द्या.’ मी विचारते, कुणासाठी? वडिलांसाठी. वडिलांना काय आहे? क्रिएटिनिन चार, म्हणजे किडनी बरीच मंदावलेली. मग मी कपाटातून दोन बाटल्या काढून शेजारी शेजारी ठेवते. रंग मिळताजुळता, चव आंबटगोड, दोन्हींवर लघवीचं आम्ल कमी करणारं औषध म्हणून लिहिलेलं. एकीत डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट, दुसरीत पोटॅशियम सायट्रेट. सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं, म्हणजे पोटात गेल्यावर दोन्ही सोड्याचंच काम करतात. पण दुसरी बाटली दर चमच्याबरोबर पोटॅशियमही आत सोडते. मुतखड्याच्या धडधाकट पेशंटला ते चांगलं, पण क्रिएटिनिन चार असलेल्याला ते घातक ठरू शकतं. पहिल्या बाटलीतलं सोडियमही सूज असलेल्याला नकोच. त्यामुळे किडनीच्या पेशंटसाठी यातली कुठलीही बाटली चिठ्ठीशिवाय नेऊ नका, अगदी मीच पुढे केली तरी.

गोळी घ्यायची कशी

गोळ्या बहुधा ५०० आणि १००० मिलिग्रॅमच्या येतात. ५०० च्या एका गोळीत साधारण ६ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं लॅबमधलं माप) बायकार्बोनेट आणि १३७ मिलिग्रॅम सोडियम असतं. १००० ची गोळी तीनदा घेणाऱ्याच्या पोटात दिवसाला ८२० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, म्हणजे दोन ग्रॅम मिठात असतं तेवढं. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठीची मर्यादाच दिवसाला दोन ग्रॅम सोडियमच्या आत राहण्याची आहे. तेव्हा लोणचं, पापड, फरसाण यांना किती जागा उरली ते तुम्हीच बघा. मिठाच्या सोडियमइतका सोड्याच्या सोडियमने रक्तदाब चढत नाही असं दिसलं आहे, पण त्यावर विसंबून राहू नका. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन करा. दोन-तीन दिवसांत किलो-दीड किलो वाढलं, घोट्याला बोट दाबलं तर खड्डा राहिला, झोपल्यावर दम लागला, तर डॉक्टरांना फोन करा.

गोळी जेवणानंतर थोड्या वेळाने, पाण्याबरोबर. ढेकर येणार, पोट जरा फुगणार, कारण आम्लात सोडा पडला की वायू होतोच. तडस लागेपर्यंत जेवून वर लगेच सोडा घेऊ नका. लोहाची गोळी, डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालू असेल तर निदान दोन तासांचं अंतर ठेवा, कारण सोड्याबरोबर ही औषधं नीट शोषली जात नाहीत. कॅल्शियमच्या गोळ्या, भरपूर दूध आणि सोडा हे तिन्ही एकदम जोरात चालू असेल तर रक्तातलं कॅल्शियम चढून किडनी आणखी बिघडू शकते, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

घरच्या चमच्याबद्दल. चहाच्या सपाट चमच्यात साधारण साडेचार-पाच ग्रॅम सोडा मावतो, म्हणजे ५०० च्या नऊ-दहा गोळ्या एका दमात, आणि सोडियम साडेबाराशे मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात एका घरचा चमचा दुसऱ्या घरच्या चमच्याला मिळत नाही. गोळी स्वस्त आहे, मोजून घेता येते, तीच घ्या. ॲसिडिटीसाठी पाण्यात फसफसणाऱ्या पुड्या मिळतात त्यांच्या लेबलावर ‘स्वर्जिक्षार’ असतं, तोही सोडाच. गोळ्या चालू असताना वर पुडी घेतली तर ती डोसातच धरावी लागते.

स्वयंपाकघरात

‘सोडा पोटॅशियम उतरवतोच, मग आता शहाळं चालेल ना?’ हा प्रश्न चैत्र-वैशाखात हमखास येतो. शंभर मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात साधारण अडीचशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. भरलेलं शहाळं तीनशे मिलिलिटरचं धरलं तर साडेसातशे झालं. ज्याचं पोटॅशियम आधीच साडेपाच आहे आणि लघवी कमी होते, त्याला गोळीने मिळालेला सगळा फायदा एका शहाळ्यात गेला. ज्याचं पोटॅशियम कमी आहे त्याला मात्र तेच शहाळं औषध. म्हणून शेजारच्या काकांचं पथ्य आपल्या घरात आणू नका.

पोटॅशियम जास्त असलेल्यांच्या घरी बटाटा, सुरण, पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या. नुसतं भिजत घालण्यापेक्षा उकळल्याने पोटॅशियम जास्त निघतं. हेच ध्यानात ठेवून सणाच्या ताटाकडे बघा. पुरणासाठी डाळ शिजवून पाणी निथळलं की डाळीतलं बरंचसं पोटॅशियम त्या कटात उतरलेलं असतं, आणि आपण त्याचीच आमटी करतो! किडनीच्या पेशंटला मधुमेह नसेल तर अर्धी पुरणपोळी एखादे वेळी खपून जाईल. कटाची आमटी त्याच्या वाटीत नको. उपवासाचा राजगिरा, बटाटा, शेंगदाणे, केळं हाही सगळा पोटॅशियमचाच फराळ. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सेंटरमध्ये आकडे काय येत असतील ते सांगायला नको.

आणि मीठ. सोड्यात सोडियम आहे असं कळलं की मुलं काळजीने ‘लो सोडियम’ मीठ आणून देतात. त्यातलं सोडियम कमी करताना त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. किडनीच्या पेशंटच्या घरात ते पाकीट नकोच. साधं मीठ, फक्त कमी.

कधी तपासायचं, कधी निघायचं

गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस बदलल्यावर पुन्हा तपासणी कधी, ते तिथल्या तिथे विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. बहुतेक डॉक्टर दोन ते चार आठवड्यांत बोलावतात, आकडे टोकाचे असतील तर त्याआधीच. एक वही करा. तारीख, पोटॅशियम, बायकार्बोनेट, वजन, त्या वेळी गोळ्या किती, एवढं एका ओळीत बसतं. मधे जुलाब-उलट्या लागल्या तर नेमलेल्या तारखेची वाट बघू नका.

पोटॅशियम खाली गेलं की पायात गोळे येतात, जिना चढवत नाही, पोट साफ होत नाही, छातीत धडधडतं. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या येऊन हात आखडायला लागले तर सोडा जास्त झाल्याने कॅल्शियमचा कामाचा भाग घटलेला असू शकतो. पोटॅशियम वर गेलं की अंग जड होतं, नाडी मंदावते किंवा चुकते. पण पुष्कळदा काहीच होत नाही, माणूस बोलत बसलेला असतो आणि ईसीजीत मात्र टी लहर तंबूसारखी उभी राहिलेली असते. लॅबमधून सहाच्या वरचा आकडा फोनवर कळला तर घरी जादा सोडा देत बसू नका. रिक्षा बोलवा.

तिथे गेल्यावर ‘सोड्याचं इंजेक्शन का देत नाहीत?’ असं नातेवाईक नर्सला विचारत राहतात. ईसीजी बिघडला असेल तर पहिलं इंजेक्शन कॅल्शियम ग्लुकोनेटचं, हृदयाला आधार म्हणून. मग पोटॅशियम पेशींत ढकलायला इन्शुलिन-ग्लुकोज, सालब्युटामॉलची वाफ. शेवटी खरं बाहेर काढायला पोटॅशियम पकडून ठेवणारी पावडर किंवा डायलिसिस. साडेसात टक्क्यांच्या सोड्याचं इंजेक्शन रक्तात आम्ल भरपूर असेल तरच कामाचं, आणि कॅल्शियमच्याच नळीतून ते देता येत नाही, दोन्ही एकत्र आले की नळीत खडू तयार होतो.

पेशंटचं डायलिसिस सुरू झालं असेल तर घरची गोळी चालू ठेवायची का, हे सेंटरच्या डॉक्टरांना विचारा. डायलिसिसच्या द्रवात बायकार्बोनेट असतंच, म्हणून अनेकांची गोळी बंद किंवा कमी होते, आणि ते सांगायचं राहून गेलं तर घरचे महिनोन्‌महिने जुन्या चिठ्ठीवर गोळ्या नेत राहतात. आणखी एक: डायलिसिस संपल्यासंपल्या काढलेल्या रक्तात पोटॅशियम कमी दिसतं, पुढच्या काही तासांत ते पेशींतून परत रक्तात येऊन आकडा थोडा चढतो. तो कमी आकडा बघून वाटेत केळी घेऊ नका. वहीत लिहिताना रक्त डायलिसिसच्या आधीचं की नंतरचं, तेवढं शेजारी नोंदवून ठेवा.